आजीची बोटं

आज ओसरीवर लेक मोठ्याने वाचत होती : सरासरी आयुर्मान जपानमध्ये सुमारे 84 वर्षं, भारतात 72 च्या आसपास, नायजेरिया आणि चाडमध्ये जेमतेम 55. आजी तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "अन् आमच्या टायमाले किती होतं वं बाई?"

मी सांगितलं, स्वातंत्र्याच्या वेळी आपल्याकडे बत्तीसच्या आसपास.

आजीचे हात थांबले. बोटं मोडत म्हणाली, "सात झाले मले. चार राह्यले. एक तं बारशाच्या आंधीच गेलं, निमोनियानं."

बत्तीस म्हणजे सगळे बत्तिशीत मरायचे असं नाही, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तान्ही लेकरं जातात आणि अख्ख्या देशाची सरासरी खाली ओढतात. आज ते आजीच्या मुडपलेल्या तीन बोटांत दिसलं. चाड-नायजेरियातल्या किती आया आजही अशीच बोटं मोडत असतील!

आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना तान्ह्या बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. घरोघरी जाऊन वजन, ऊब, निमोनियाची ओळख, वेळेवर औषध. बालमृत्यू खरंच घटले. 1999 साली ते 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. याचा मला फार अभिमान वाटतो.

संध्याकाळी शेजारी आशाताई आल्या. झोळीच्या काट्याला बाळ लटकवलं, ते जोरात रडलं. दोन किलो आठशे. आजी भिंतीला धरून उठली न् पाहायला गेली.