विलायतेतल्या विद्यापीठ ग्रंथालयात व्याख्यान कसं होतं आणि कसं जपलं जातं

इंग्लंडातल्या विद्यापीठ ग्रंथालयाचं व्याख्यान ऐकायला विद्यार्थी असावं लागत नाही. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाची वेस्टन इमारत नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये उघडली. तिच्या तळमजल्यावरच्या दालनात कुणीही रस्त्यावरून सरळ आत येऊ शकतं. ग्रंथालयाचं कार्ड लागतं ते वाचनकक्षात. बरीचशी व्याख्यानं मोफत असतात, फक्त आधी ऑनलाइन नाव नोंदवायचं. मोफत कार्यक्रमाला नाव नोंदवून न येणारे पुष्कळ असतात, म्हणून शंभर खुर्च्यांसाठी सव्वाशे नावं घेतात आणि आदल्या दिवशी आठवणीचा मेल पाठवतात.

केंब्रिजची सँडर्स व्याख्यानं १८९५ पासून चालू आहेत, ऑक्सफर्डची लायल व्याख्यानं १९५२ पासून. दोन्हींसाठी ग्रंथसंग्राहकांनी मृत्युपत्रात पैसा ठेवला आणि दोन्हींचा विषय ग्रंथ, हस्तलिखितं, छपाई हाच. पुण्याची वसंत व्याख्यानमाला मात्र १८७५ ची, म्हणजे त्यांच्याहूनही जुनी. मराठवाड्यात तर तालुक्याच्या गावीही व्याख्यानमाला चालते आणि लोक दोन-दोन तास मन लावून ऐकतात. ऐकणाऱ्यांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. कमी पडतं ते नंतरचं: वक्ता गाडीत बसला की त्याचं बोलणं वर्तमानपत्रातल्या चार ओळींपुरतं उरतं. विलायतेतलं ग्रंथालय व्याख्यानाकडे संग्रहात दाखल होणारी वस्तू म्हणून बघतं, आणि पुढची सगळी व्यवस्था त्यातूनच येते.

वेळ तासाभराची. पाच मिनिटं ओळख, तीस-पस्तीस मिनिटं वक्ता, उरलेली प्रश्नांना. वक्त्याच्या ओळखीचा मजकूर आधीच त्याच्याकडून तपासून घेतलेला असतो. आपल्याकडे दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक, अध्यक्षीय भाषण हे सगळं असतं आणि त्यात आपुलकीही असते. पण त्यात पाऊण तास गेला की कात्री लागते ती प्रश्नोत्तरांना. सत्कार शेवटी घेतला तर कुणाचाच मान कमी होत नाही.

माइकचा नियम विलायतेत कडक आहे. "माझा आवाज मोठा आहे, माइक नको" असं वक्ता म्हणाला तरी माइक लावतातच. कारण कानयंत्र वापरणाऱ्यांसाठी सभागृहात जी लूप यंत्रणा असते तिला माइकचाच आवाज जातो, रेकॉर्डिंगलाही तोच. माइक नसेल तर पहिल्या रांगेला छान ऐकू येतं, पण कानयंत्रवाल्या आजोबांना काहीच नाही आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसती घुमघुम. प्रश्न विचारणाऱ्यापर्यंत माइक पोचवायला दोन्ही बाजूंना एकेक जण उभा असतो. माइक पोचला नाही तर सूत्रसंचालकाने प्रश्न मोठ्याने परत म्हणायचा. एवढं केलं नाही तर महिन्याभराने ऐकणाऱ्याला नुसती उत्तरं मिळतात, प्रश्न कुठले ते कळत नाही. पहिला हात वर यायला वेळ लागतो, म्हणून सूत्रसंचालकाकडे दोन प्रश्न तयार असतात.

लेखकाचा कार्यक्रम असेल तर पुस्तकविक्रेता उरलेल्या प्रती परत घेण्याच्या बोलीवर टेबल मांडतो. सहीच्या रांगेत एक स्वयंसेवक पुढे सरकत प्रत्येकाचं नाव चिकटचिठ्ठीवर ठळक अक्षरात लिहितो आणि ती पुस्तकाच्या शीर्षकपानावर लावून ते पान उघडं ठेवतो. लेखकाला कॅथरिन 'सी'ने की 'के'ने, हे विचारावं लागत नाही. चुकीच्या नावाची प्रत बदलून द्यावी लागत नाही आणि रांगही हलती राहते. शेजारच्या काचपेटीत त्याच विषयावरची संग्रहातली पुस्तकं आणि हस्तलिखितं मांडलेली असतात. व्याख्यान ऐकून उठलेला माणूस तिथे थांबतोच.

जपणुकीचं काम व्याख्यानाच्या आधीपासून सुरू होतं. वक्त्याकडून संमतीपत्रावर सही घेतात. रेकॉर्डिंग करायचं का, इंटरनेटवर ठेवायचं का, की फक्त ग्रंथालयात बसून ऐकू द्यायचं, स्लाइडमधली चित्रं कुणाच्या मालकीची, हे सगळं त्यात असतं. ही सही नंतर मिळवणं फार अवघड. वक्ता वारला तर वारसांना शोधत बसावं लागतं आणि तोवर रेकॉर्डिंग कुलपात. कार्यक्रमानंतर वक्त्याचं नाव, तारीख, ठिकाण, विषय आणि भाषा यांसह त्याची नोंद तालिकेत होते, पुस्तकाची होते तशीच. शोधणाऱ्याला पुस्तक आणि व्याख्यान शेजारी-शेजारी सापडतात.

हे संभाजीनगर, नांदेड किंवा अंबाजोगाईच्या कॉलेज ग्रंथालयात करता येतं, खर्चही बेताचा. एक छोटा रेकॉर्डर आणि कॉलरचा माइक पुरेसा. छताच्या पंख्याचा वारा माइकवर फडफडतो, म्हणून फोमची टोपी घालायची आणि व्यासपीठावरचा पंखा बंद ठेवायचा. रेकॉर्डर बॅटरीवर चालवायचा. मेनवर लावला आणि मधेच वीज गेली तर काही यंत्रांत फाइल नीट बंद होत नाही, मग ती उघडतही नाही. लॅपटॉपवर घेत असाल आणि सतत गुरगुर येत असेल तर चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा ती तिथूनच येते. रेकॉर्डरच्या मीटरवर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही.

मूळ फाइल वेव्ह (WAV) प्रकारातच ठेवा, ऐकायला द्यायची प्रत एमपीथ्रीत करा. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो असं निवडलं तर तासाभराची फाइल ५२० एमबीच्या आत बसते. फाइलचं नाव वर्ष, महिना, दिवस या क्रमाने सुरू केलं की यादी आपोआप तारखेने लागते. प्रती तीन हव्यात, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. पेनड्राइव्हवर विसंबू नका, तो कुणीतरी नेतो आणि पुसून परत आणतो.

सुरुवात १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमापासून करा. हैदराबाद मुक्तिसंग्राम १९४८ मध्ये संपला. त्यात प्रत्यक्ष असलेली माणसं आता अगदी थोडी उरली आहेत, पण त्यांच्याकडून ऐकलेली त्यांची मुलं दरवर्षी ठिकठिकाणी बोलतात. अशा घरांत जुन्या व्याख्यानांच्या कॅसेटही असतात. आणून दिल्या तर आधी पट्टीला बुरशी आहे का ते बघा. पांढरी भुकटी दिसली तर प्लेअरमध्ये घालू नका, ती यंत्राच्या हेडला लागते आणि पुढची प्रत्येक कॅसेट खराब करते. तशी कॅसेट वेगळ्या पिशवीत घालून कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराकडे द्या.