खोलगा कुठं गेला?

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला मी बावीस वर्षं काढली. सरफेस प्लेट, डायल आणि फीलर गेज या सपाटी तपासायच्या हत्यारांत इतकी वर्षं गेली की माणसाला एक खोड जडते: जे सपाट नाही ते बिघडलेलं. घरी नवीन पोळपाट आणला तरी मी तो उजेडासमोर धरून बघतो. बायको म्हणते, पोळ्या लाटायच्यात, रंधा मारायचा नाही.

कारखाना सुटल्यावर भद्रकालीत धार लावायचं दुकान टाकलं. टेलरच्या कात्र्या, पार्लरच्या कात्र्या, केटररच्या सुऱ्या यांच्यावर पोट चालतं. वस्तरे क्वचित येतात, बहुतेक पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांचे, कुरियरनं. त्यांच्यासाठी मी दोन-तीन नैसर्गिक दगड जमवलेत आणि त्या कामावर माझा जरा जास्तच जीव आहे.

मागच्या थंडीत एका सकाळी कुलूप काढतोय तोच नाना आले. साठी उलटलेली, खांद्याला चामड्याची जुनी धोकटी. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, रामकुंडाजवळ बसतात. तीन पिढ्या तिथंच: जावळं, मुंडणं, दहाव्याचं क्षौर. आता सगळ्यांसारखे तेही ब्लेडचा वस्तरा वापरतात, माणसागणिक अर्धं पातं नवं. एकाचं रक्त दुसऱ्याला लागलं की कावीळ आणि एड्सची भीती, त्यामुळे हे बदललं ते चांगलंच झालं.

पण धोकटीतून निघाला तो जुना वस्तरा होता. शिंगाची मूठ आणि दांड्यावर अर्धी पुसलेली ‘सोलिंगेन’ ही अक्षरं, वस्तऱ्यांसाठी नावाजलेलं जर्मनीतलं गाव. पाठीकडं गंजाचे दोन-चार ठिपके होते, धारेला मात्र एकही नव्हता. पात्याला नखानं टिचकी मारली तर बारीक नाद आला.

“उद्या नातवाचं जावळ आहे भाऊ. माझं याच वस्तऱ्यानं काढलं, पोराचंपण याच. धार लावून ठेवा. आणि दगड पण बघून घ्या जरा,” असं म्हणून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक दगड त्यांनी गल्ल्यावर ठेवला. गंगेवर गिऱ्हाईक थांबलं होतं, ते निघून गेले.

‘बघून घ्या’ या दोन शब्दांनी पुढचा सगळा घोळ घातला.

फडकं सोडलं आणि मी खुर्चीतच बसलो. बोटभर लांबीपेक्षा थोडा मोठा, दीड इंच रुंद. खालचा थर काळसर निळा पाटीचा दगड, वरचा पिवळट, साईसारखा. हा बेल्जियमचा कोटिक्यूल. तिथल्या आर्देन डोंगरांत, व्हिएलसाल्म गावाच्या आसपास पाटीच्या दगडात याचे पातळ पट्टे सापडतात. त्यात गार्नेटचे कण असतात, सराफ बाजारात अंगठीत बसवतात तोच गार्नेट, फक्त मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. कणाला बारा पैलू, पण कोपरे बोथट. म्हणून तो पोलादात खोल रुतत नाही, वरवर खरवडतो, आणि त्या दगडावरची धार कातडीला मऊ लागते.

आपल्या डोंगरांत असलं काही नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण पाट्या-वरवंट्याला झकास, टाकी लावली की मिरची मेणासारखी वाटली जाते. पण त्याचा कण भरड, वस्तऱ्याच्या कामाचा नाही. त्याच पाषाणाच्या पोकळ्यांत सुंदर स्फटिक निघतात, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते बघायला मी पाहुण्यांना हटकून नेतो. पण ते बघायचेच. मग बेल्जियमचा हा तुकडा नानांच्या आजोबांच्या धोकटीत कसा आला? नानांना एवढंच ठाऊक की आजोबांनी तो मुंबईहून आणला होता.

आता माझी करणी. दगडावर पोलादी पट्टी आडवी धरली तर खालून उजेड दिसला. मधोमध बशीसारखा खोलगा. व्हर्नियर लावला: पिवळा थर दोन्ही टोकांना 4 मिलिमीटर, मध्ये 2.5. बावीस वर्षांची खोड उफाळून आली. मनात म्हटलं, बिचाऱ्यांचा दगड पार गेलाय, ‘बघून घ्या’ म्हणाले ते यासाठीच. जाड काचेवर 120 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला, दगडावर पेन्सिलीनं चौकटी आखल्या, पाणी मारलं आणि घासायला बसलो. चौकटींची शेवटची रेघ पुसली जाईपर्यंत घासायचं, हा नियम. गार्नेट तो, दाद देतोय थोडाच! दोन तास गेले. काचेवरून पिवळं पाणी ओघळत होतं आणि मी खूश होतो. शेवटी पट्टी ठेवली, खाली उजेडाचा मागमूस नाही.

दुपारी वस्तरा घेतला. वस्तऱ्याचा कोन आपण ठरवत नाही, वस्तराच ठरवतो. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून सरकवायचं, की पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांतून कोन आपोआप येतो. नानांच्या वस्तऱ्याची पाठ 5.2 मिलिमीटर आणि रुंदी 18. म्हणजे दोन्ही बाजू मिळून साधारण 16.6 अंश.

दगडावर पाण्याचे थेंब टाकून त्याच जातीच्या छोट्या खड्यानं घासलं की सहाणेवर गंध उगाळावं तसं दूध सुटतं. ते दाट असताना दगड झपाट्यानं कापतो. पण दाट दुधात धार पुढं जाते तेव्हा तरंगणारे कण तिच्यावरच आदळतात आणि तिला बोथट करतात. त्यामुळे तसल्या धारेला एक मर्यादा येते. मग दर वीसेक हातांनी बोटाच्या टोकावरून एक-एक थेंब पाणी सोडत दूध पातळ करत न्यायचं, अगदी नितळ पाण्यापर्यंत. घाई केली तर वायाच. हा भाग मला फार आवडतो; दुपारच्या वेळी रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा ऐकू येत नाहीत.

नितळ पाण्यावर आलो आणि मनगटावर वस्तरा फिरवून बघितला. पात्याच्या मधल्या भागानं केस नुसते उडाले. टोकाकडं आणि मुठीकडं? लोणी कापलं जाईल, एवढंच. पुन्हा दूध, पुन्हा पाणी, तीच गत. मग मार्करनं धारेच्या कडेला शाई फासली आणि पाच हात मारून भिंगाखाली धरलं. मधली शाई साफ. दोन्ही टोकांची जशीच्या तशी.

तेव्हा कुठं वस्तरा नीट पाहिला. धार सरळ नव्हतीच, नावेच्या तळासारखी मध्ये फुगीर होती. सकाळीही ते दिसलं होतं, पण मी त्याला झीज समजलो होतो. धार अशी असली की टोकांकडं पात्याची रुंदी कमी पडते, आणि सपाट दगडावर पाठ टेकली तरी टोकांची धार केसभर अधांतरी राहते. तो बशीसारखा खोलगा तिला दोन्ही कडांनी वर येऊन भेटत होता. वस्तरा आणि दगड एकमेकांना झिजवत एकमेकांजोगे झाले होते. तीन पिढ्यांनी मध्ये दीड मिलिमीटर झिजवला होता, आणि मी दोन तासांत टोकांचा दीड मिलिमीटर उडवला.

पोटात गोळा आला. दगड परत खोलगट करता येईल का, असला खुळा विचारही केला. म्हणजे उरलेल्या अडीचमधून आणखी घालवायचा. उद्या सकाळी पोराच्या टाळूवर हा वस्तरा फिरणार होता, अर्धा धारदार आणि अर्धा बोथट. यापेक्षा पूर्ण बोथट बरा.

पाचच्या सुमाराला नाना आले. वस्तऱ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. दगड उचलला, त्यावरून अंगठा फिरवला आणि थांबले. पुन्हा फिरवला.

“खोलगा कुठं गेला?”

मी सगळं सांगितलं. पट्टी, व्हर्नियर, शाई, सगळं. सांगताना माझं मलाच कळत होतं की मी हुशारीच्या भाषेत चूक सांगतोय. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी नुसता दगड उजेडाला धरून पिवळा थर किती उरलाय ते बघितलं.

“सरका जरा.”

माझ्या स्टुलावर ते बसले. दगड टेबलावर न ठेवता डाव्या हाताच्या बोटांवर घेतला, तोंडातून ‘हं’ असं काहीसं काढून पाणी मागितलं आणि वस्तरा टेकवला. हात सुरू झाला तो मुठीकडून. कोपर किंचित वर, आणि सरकता सरकता कोपर खाली येत गेलं, तसा दाब मुठीकडून मधे आणि मधून टोकाकडं गेला. पाळणा हलवावा तसं. उलट्या बाजूनं परत तेच. मनगट हललंच नाही, सगळं कोपरातून. दहा-बारा हात झाल्यावर मी शाई फासून भिंग पुढं केलं. मुठीपासून टोकापर्यंत शाईचा ठिपका नव्हता.

“हे तुम्हाला येत होतं, मग खोलग्याची गरज काय होती?” मी विचारलं.

“गरज कसली? आजोबांनी आणला तेव्हा दगड सपाटच असंल ना भाऊ. नवा दगड कुणी खड्डा पाडून विकतं का?”

मग चामड्याचा पट्टा खिळ्याला अडकवला. दगडावर धार पुढं, पट्ट्यावर पाठ पुढं. साठेक हात त्यांनी मारले, मी मोजले. पैसे मी घेतले नाहीत. त्यांनीही आग्रह केला नाही, आणि ते मला बरोबरच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला राहवेना. आठ वाजता गंगेवर गेलो. पोरगं मामाच्या मांडीवर, गळा काढून रडत होतं, आणि मामाचा चेहरा पोरापेक्षा उतरलेला. नानांनी केस कोमट पाण्यानं भिजवले आणि कपाळापासून सुरुवात केली. पाटीवर पेन्सिल हलकेच ओढावी तसा आवाज. माझं लक्ष फक्त पात्याच्या टोकाकडं. कानामागचा वळसा त्यांनी त्याच टोकानं घेतला, एकाच हातात. पोरगं मधेच रडायचं विसरलं आणि नदीकडं बघत बसलं. डोक्यावर गंधाचं स्वस्तिक निघेपर्यंत कुठं ओरखडा नव्हता. मी तीनदा बघितलं.

वस्तरा धुऊन, पुसून, तेलाचं बोट लावून नानांनी मिटला. मी हनुवटीवरून हात फिरवत म्हटलं, “नाना, माझीपण करून टाका की.”

“बसा ना.”

मी पाटावर बसलो आणि डोळे मिटले. कागद फाटल्याचा आवाज आला म्हणून उघडले, तर ते नवं ब्लेड मोडत होते.

“तो घरच्यांचा,” नाना म्हणाले, आणि माझी मान वर केली.