एकाच मोरीवर दोन ओरखडे, म्हणून म्हणे दोन अपघात

आधीच सांगतो, चूक माझी होती. थांबलो असतो तर यातलं काहीच झालं नसतं. पण चूक कबूल करूनही इन्शुरन्स क्लेम पास व्हायला २६ दिवस लागले. त्यातले १९ दिवस एकाच प्रश्नात गेले: गाडी एका वेळी दोन्ही बाजूंनी घासू शकते का?

ऑगस्टअखेर, टोमॅटोचा सीझन. नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतहून जोपूळच्या पुढे, हिच्या मामांकडे निघालो होतो. हायवेवर स्कॉर्पिओ-एन चालवताना छाती फुगते, ती आत वळलं की उतरते. आमची पहिली गाडी मारुती ८००, रुंदी १४४० मिलिमीटर. स्कॉर्पिओची १९१७, तीही आरसे न धरता. दीड फूट वाढली गाडी, रस्ता होता तेवढाच. खेड्यातला एकेरी डांबरी रस्ता ३.७५ मीटरचा धरतात, रहदारी कमी असेल तिथे ३ मीटरवरही भागवतात. त्यात पावसाने कडा खचलेल्या.

दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत. गवत दिसलं की पार्किंग सेन्सर कोकलतो, म्हणून मी त्याचा आवाजच बंद करून टाकला होता. (हा शहाणपणा करू नका.) मोरीवर, म्हणजे रस्त्यातल्या छोट्या पुलावर, समोरून ट्रॅक्टर चढलेला, मागे कॅरेट भरलेली ट्रॉली. मला वाटलं, बसतंय. गवतात लपलेला कठडा आधी डावीकडे लागला. दचकून स्टिअरिंग उजवीकडे दिलं, तर ट्रॉलीच्या फाळक्याची कडी उजव्या दोन्ही दारांवरून फिरली. सगळं मिळून दोन सेकंद.

ट्रॅक्टरवाला पोरगा उतरला, ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली. ट्रॉलीला काहीच झालं नव्हतं. "दाजी, थांबायचं ना तिकडंच. भरलेली ट्रॉली मागं कशी घेऊ मी?" बरोबर होतं त्याचं. ट्रॉली रिव्हर्स घेताना भलतीकडेच वळते, त्यात माल भरलेला. तिकडच्या रस्त्यांवर रिकामा मागे सरतो, भरलेला पुढे जातो. घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हे नियमातच आहे. सपाटीवर मात्र समजुतीनेच चालतं, आणि ती समज मी शहरात विसरून आलो होतो.

वर्कशॉप, फॉर्म, आरसी, लायसन्स, सगळं एका सकाळीत उरकलं. मग विमा कंपनीकडून नुकसान तपासायला सर्व्हेअर आला. त्याने गाडीभोवती फिरून फोटो काढले आणि म्हणाला, "सर, डावी बाजू एक क्लेम, उजवी बाजू दुसरा."

म्हटलं, का?

"दोन बाजू म्हणजे दोन घटना. एका घटनेत इम्पॅक्ट एकीकडूनच येतो."

हा फक्त शब्दांचा घोळ असता तर सोडून दिला असता. पण १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला दर क्लेममागे २००० रुपये आपल्या खिशातून जातातच. दोन क्लेम म्हणजे ४०००. वर माझ्या पॉलिसीत झिरो डेप, म्हणजे पार्ट्सची घसारा न कापता भरपाई, वर्षातून दोनदाच मिळते. एका मोरीवर दोन्ही संपले असते. आणि फॉर्मवर दुसऱ्या अपघाताची तारीख आणि जागा कुठली लिहायची? न झालेला अपघात मी सही करून लिहून द्यायचा?

फोन केला की "वरती पाठवलंय". ऑफिसात गेलो की "सर्व्हेअरशी बोला". सर्व्हेअर म्हणे "सिस्टीम घेत नाही". काउंटरवरच्या बाईंनी तर विचारलं, "रस्ता इतका अरुंद होता तर तिकडे गेलात कशाला?" मामांचं घर तिकडे आहे म्हणून गेलो, दुसरं काय सांगणार! आठव्या दिवशी माझा आवाज चढला. त्याने काहीही झालं नाही, उलट त्या दिवशी फाइलच सापडेनाशी झाली.

दहाव्या दिवशी टेप घेऊन मोरीवर गेलो. टेपचं एक टोक मामांनी धरलं, दुसरं मी. कठड्यांमधलं अंतर ४ मीटर २०. मामांनी ट्रॉली बोलावून घेतली, तिची रुंदी निघाली १ मीटर ८५. त्यात माझी १.९२ मिळवा, ३.७७ झाले. उरले ४३ सेंटीमीटर. ते तीन फटींत वाटायचे, एकेकीला १४ सेंटीमीटर, आणि आरसेही त्यातच. हे सगळं वहीच्या कागदावर आकृती काढून लिहिलं. बरोबर टेप दिसेल असे फोटो, डाव्या दारावर लागलेला कठड्याचा चुना, उजवीकडे ट्रॉलीचा लाल रंग, आणि त्या पोराचा सही केलेला जबाब. दहावीत भूमितीला इतकी मन लावून आकृती काढली असती तर!

हे सगळं ईमेलने पाठवलं. खाली लिहिलं, की दोन क्लेमच करायचे असतील तर कारण लेखी द्या, मी ते 'बीमा भरोसा' पोर्टलवर टाकतो. विमा नियामकाचं हे तक्रारींचं पोर्टल आहे. १५५२५५ वर फोन करूनही तक्रार घेतात. चार दिवस शांतता. मग दुसराच सर्व्हेअर आला. त्याने आकृती पाहिली, हसला, म्हणाला, "माझं गाव निफाडकडचं." त्याच भागातला माणूस, पुढे एका वाक्याचीही गरज पडली नाही. त्यानंतर पाच दिवसांनी एकच क्लेम म्हणून मंजुरी आली. खिशातून गेले २०००, आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला तो गेलाच.

गाडी हलवण्याआधी जागेवरच फोटो काढा, हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. मी दोनच काढले, तेही घाबरत. गाडी, कठडा आणि ट्रॉली एकाच फोटोत असते तर टेपची वेळच आली नसती. सर्व्हे होईपर्यंत पॉलिश करायला देऊ नका. समोरून कोणी दिसलं की आरसे मिटा, पण डावीकडचा कठडा नजरेत येईपर्यंत नको. आपण उजवीकडे बसतो, त्यामुळे चूक नेहमी डावीकडच्या अंदाजातच होते.

आणि वर्कशॉपमध्ये काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करण्याआधी गाडीभोवती पूर्ण चक्कर मारा. माझी उजवी दारं चकाचक झाली होती, डावीकडे हातसुद्धा लावला नव्हता. जॉबकार्डवर जुनीच नोंद होती, 'क्लेम १, उजवी बाजू'. आणखी तीन दिवस गेले. डावा आरसा अजून मिटताना कुरकुरतो, पण त्यासाठी मी त्या ऑफिसची पायरी पुन्हा चढणार नाही.