वीज गेली तरी चालू राहणारे सीडिंग

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात मोबाइल इंटरनेटवरून डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करण्याची प्रत) टॉरेंटने, म्हणजे अनेकांच्या संगणकांकडून तुकड्यातुकड्यांनी, उतरवता येते, पण ती इतरांना परत देणे, म्हणजेच सीडिंग, अवघड जाते. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे बाहेरून येणारी जोडणी आपल्या संगणकापर्यंत सहसा पोहोचतच नाही, आणि भारनियमन सुरू झाले की उरलासुरला अपलोडही थांबतो. म्हणून मी एक छोटा सर्व्हर (दूरच्या केंद्रात सतत चालू असणारा संगणक) भाड्याने घेऊन त्यावर ट्रान्समिशन हा टॉरेंट चालवणारा मुक्त प्रोग्राम बसवला. त्याचे नियंत्रण फोनच्या ब्राउझरमधून होते (ते पान पासवर्डाविना उघडे ठेवणे म्हणजे निव्वळ बेफिकिरी). ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली रचलेल्या बिटटॉरेंट या टॉरेंटच्या पद्धतीत फाइलच्या प्रत्येक तुकड्याची हॅशने (त्यातील माहितीवरून काढलेल्या ओळखक्रमांकाने) पडताळणी होत असल्याने अनोळखी संगणकांकडून आलेली प्रतही मूळ फाइलशी तंतोतंत जुळते. सर्व्हरवर पूर्ण झालेली फाइल मी रात्री आरसिंक या फाइली नकलणाऱ्या प्रोग्रामने घरी आणतो, आणि अर्धवट फाइल राखण्याचा पर्याय दिलेला असल्यास वीज गेल्यावर सगळे पहिल्यापासून आणावे लागत नाही. सर्व्हर निवडताना डिस्कच्या जागेपेक्षा मासिक डेटामर्यादा आधी पाहावी, कारण सीडिंगमध्ये तीच लवकर संपते. चित्रपटांच्या चोरट्या प्रतींना मात्र तिथे थारा नाही. सर्व्हर परदेशात असला म्हणून भारतीय कॉपीराइट कायद्यातून आपली सुटका होत नाही.