नागिणीचं तोंड कुठल्या अंगाला?

आमचं आरोग्य केंद्र अंबाजोगाईपासून तासाभरावर. सोयाबीनची मळणी चालू असली की ओपीडीत माणूस फिरकत नाही, दुखणं अंगावर काढतात. त्या मंगळवारी मात्र सकाळीच एक मामा सुनेला घेऊन आले. वय ६२. रुमाल भुवईपर्यंत ओढलेला. तो बाजूला केला तर उजवं कपाळ गेरूनं लिंपलेलं, वाळून भेगाळलेलं, आणि भेगांतून पाणी झिरपत होतं.

"मॅडम, नागीण हाय. काल मंतरून आणली," सून म्हणाली. "तिचं तोंड कुठल्या अंगाला हाय तेवढं सांगा. डोळ्याकडं का केसाकडं?"

सलाईनमध्ये गॉज भिजवून मी गेरू सोडवत बसले. पंख्याचा वारासुद्धा मामांना सोसेना, तो बंद केला. खालून ज्वारीच्या दाण्याएवढे फोड झुपक्याझुपक्यानं दिसायला लागले. कपाळाच्या मधोमध दोरी आखावी तसे थांबलेले. डावी बाजू कोरी. आणि नाकाच्या शेंड्यावर एकच फोड.

तो बघून माझ्या पोटात गोळा आला. नाकाच्या शेंड्याला जाणारी नस आणि डोळ्याच्या आतली नस एकाच फांदीच्या. तिथं फोड आला म्हणजे डोळा धोक्यात आहे असंच धरायचं. पापणी सुजलेली होतीच.

"दुखायला कधी लागलं?"

"शनवारी, खळ्यावर. वाटलं ऊन लागलं. फोड रविवारी रातच्याला आले."

मी बोटांवर तास मोजले. फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध सुरू झालं तर त्याचा खरा उपयोग, आणि आम्ही अजून आत होतो. ८०० मिलिग्रॅमची पहिली गोळी तिथंच, माझ्यासमोर घ्यायला लावली. दिवसातून पाच वेळा, सात दिवस. साखर तपासली तर ३१२. सुगीच्या गडबडीत शुगरच्या गोळ्या महिनाभर बंद होत्या.

"कुणाची नजर लागली का हो?" मामांनी विचारलं.

"लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आल्त्या की. बहात्तरच्या दुष्काळात. मायनं लिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं, घरात फोडणी बंद."

मी त्यांना सांगितलं, तेच हे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू अंगातून जात नाही, मणक्याजवळच्या आणि कवटीतल्या नसांच्या गाठींत निजून राहतो. वय झालं, साखर वाढली, कॅन्सरची औषधं किंवा स्टेरॉईड चालू असलं, अंगातली ताकद घटली, की तो जागा होतो आणि त्याच नसेवरून कातडीवर येतो. नस एकाच बाजूची, म्हणून फोडही एकाच बाजूला. कमरेला फेरा पूर्ण झाला की माणूस जातो ही भीती मी इथं घरोघरी ऐकते, आणि त्या भीतीपायी माणसं मांत्रिकाच्या दारात नेमके ते तीन दिवस घालवतात. त्याचा मला फार संताप येतो. माणसांचा नाही, त्या वाया गेलेल्या दिवसांचा.

आणि जे भ्यायला हवं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गेरू लावत होती ती सून, पाच महिन्यांची गरोदर. नागिणीपासून नागीण होत नाही, पण फोडातलं पाणी लागलं तर ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला कांजिण्या होतात, आणि गरोदरपणी त्या फार वाईट. मी घाबरतच विचारलं. तिनं पदर सारून कानामागचा खोलगट वण दाखवला. "चौथीत असताना." माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. त्यांना अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला, डोळ्यांच्या विभागात धाडलं.

त्या दिवशी मला सारखी एक आजी आठवत होती. पाठीच्या एका बाजूला आग होते म्हणून आली होती. फोड नव्हते, मी लचक समजून दुखण्याच्या गोळ्या दिल्या. नागीण फोडांच्या आधी दोन-चार दिवस नुसतीच दुखते. आजी परत आली ती पंधरा दिवसांनी, खपल्या धरल्यावर. पुढं वर्षभर तिला पाठीला लुगडं लागू देववेना. तेव्हापासून एका अंगाची आग सांगणाऱ्याला मी बजावते, पुरळ दिसलं की त्याच दिवशी ये.

मामा माघात भेटले. डोळा वाचला, नजर जरा धुरकट. कपाळाची आग मात्र गेलेली नव्हती. टोपी हातात धरून बसले होते. रात्रीच्या गोळ्यांनी झोप लागते म्हणाले.

"हिच्या अंगात बी असंल का निजलेला?" त्यांनी बायकोकडं बघून विचारलं.

कांजिण्या झाल्या असतील तर असणार, म्हटलं. नागिणीवर पन्नाशीनंतर घ्यायची लस आहे, २०२३ पासून आपल्याकडं मिळते. दोन डोस, मधे दोन ते सहा महिने. पण ती सरकारी लसीकरणात नाही, विकत घ्यावी लागते. मी किंमत सांगितली. मामा बराच वेळ सोयाबीनच्या भावानं पोती मोजत राहिले.

"एक डोस आत्ता," ते म्हणाले, "दुसरा हरभरा निघाल्यावर."