आत्याची कुडी आणि २०२४ वायआर-४

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सव्वासहाला चिपळूणजवळच्या आमच्या गावाहून आत्याचा फोन आला. इतक्या पहाटे गावचा फोन म्हटलं की छातीत धस्स होतं. पण तिचा आवाज ठणठणीत होता.

"अरे, त्या दगडाचं खरं आहे का? मुंबईवर पडणार म्हणतायत. बत्तीस सालात, डिसेंबरात."

"मुंबईवर पडणारच असं नाही गं, आत्या."

"मग टीव्हीवर लाल बाण कशाला दाखवतात? डोंबिवलीपण त्यातच येते की नाही? जागा विकायची असली तर आत्ताच बघ."

आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे. तिने विचारलेल्या प्रश्नाला मी आजवर कधी 'तुला नाही कळायचं' असं उत्तर दिलेलं नाही. शाळेत असताना माझ्या सगळ्या प्रश्नांना तिनेच उत्तरं दिली होती. त्यामुळे पुढचे तीन आठवडे आमचे जवळजवळ रोज फोन झाले. त्यातलं जे आठवतंय ते इथे लिहून ठेवतो आहे.

एक लघुग्रह २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळू शकतो, ही बातमी खोटी नव्हती. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या रिओ उर्तादो इथल्या ॲटलास दुर्बिणीला एक सरकता ठिपका दिसला. या दुर्बिणी फार मोठ्या नाहीत, आरसा जेमतेम अर्ध्या मीटरचा. पण रोज रात्री त्या आकाशाचा मोठा पट्टा धुंडाळतात. तेव्हा हवाईत दोन, दक्षिण आफ्रिकेत एक आणि चिलीत एक अशा चार होत्या. त्यांचं काम एकच, पृथ्वीजवळ येणारे लघुग्रह वेळेत पकडणं. या ठिपक्याला नाव मिळालं २०२४ वायआर-४. नावातच त्याची जन्मतारीख आहे. वाय हे अक्षर डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्याचं, आणि आर-४ म्हणजे त्या पंधरवड्यात नोंदलेला ११७ वा. एका पंधरवड्यात शंभराहून जास्त नवे लघुग्रह सापडतात हे आत्याला सांगितलं, तेव्हा ती जरा वेळ काहीच बोलली नाही.

गंमत अशी की सापडला तेव्हा तो आपल्या जवळून जाऊन दोन दिवस झाले होते. २५ डिसेंबरला तो सुमारे ८ लाख २९ हजार किलोमीटरवरून गेला, म्हणजे चंद्राच्या दुपटीहून थोडा लांबून. येताना तो सूर्याच्या बाजूने आला, त्या बाजूला जमिनीवरच्या दुर्बिणींना बघता येत नाही. दिसला तो पाठमोरा. पाठमोऱ्या माणसाची चाल ओळखणं जसं कठीण, तसंच हे. आपल्यापासून जवळजवळ सरळ रेषेत दूर जाणारी वस्तू आकाशात फारशी बाजूला सरकत नाही, आणि बाजूचं सरकणंच तर मोजायचं असतं.

हे मोजणं म्हणजे काय, ते मी स्वतः करून पाहिलं आहे म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी मुलगी नववीत असताना आम्ही दोघांनी एका लघुग्रह शोध मोहिमेत भाग घेतला होता. हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने काढलेले फोटो चार-चारच्या संचाने यायचे. आकाशाचा तोच तुकडा, काही मिनिटांच्या अंतराने टिपलेला. ॲस्ट्रोमेट्रिका नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते चार फोटो एकामागून एक फिरवत बसायचे. तारे जागच्या जागी राहतात. एखादा ठिपका सरकतो. सरळ रेषेत, सारख्या अंतराने, सारख्याच तेजाने सरकला तर त्याच्यावर बोट ठेवायचं. रात्री जेवणं आटपली की आम्ही दोघं दिवाणखान्यातला दिवा बंद करून बसायचो. पहिल्या चार रात्री काहीच नाही. पाचव्या रात्री मुलगी म्हणाली, "बाबा, हा बघ, हा चालतोय." तो खरंच चालत होता. आधीच कुणीतरी नोंदवलेला निघाला, पण हातावर आलेला काटा खरा होता.

त्या ठिपक्याची जागा आजूबाजूच्या ताऱ्यांच्या संदर्भाने ठरवायची असते. मोजमाप विकलेत. एक विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. एका रात्रीच्या चार जागांवरून कक्षा निघत नाही, निघते ती नुसती शंका. दुसऱ्या रात्री, तिसऱ्या रात्री, जगातल्या दुसऱ्या कुठल्या तरी गच्चीवरून वा डोंगरावरून कुणीतरी तोच ठिपका पुन्हा मोजायला हवा. ही सगळी मोजमापं मायनर प्लॅनेट सेंटर या लघुग्रहांची जगभरची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे जमा होतात. तिथे हौशी माणसाचा आकडा आणि मोठ्या वेधशाळेचा आकडा एकाच यादीत बसतो. मला या सगळ्या शास्त्रात हीच गोष्ट सर्वांत आवडते.

आता आत्याच्या प्रश्नाकडे. जानेवारीच्या शेवटी आदळण्याची शक्यता १ टक्क्याच्या वर गेली. आदळण्याचा धोका शून्य ते दहा अंकांत सांगणाऱ्या टोरिनो मापपट्टीवर त्याला ३ हा अंक मिळाला, तो क्वचितच कुणाला मिळतो. पृथ्वीवर जिथे पडू शकेल तो पट्टा काढला गेला. पूर्व प्रशांत महासागर, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया. मुंबई त्या पट्ट्यात होती. फेब्रुवारीत आकडा २ टक्क्यांच्या पुढे गेला. आत्याने फोनवर विचारलं, "रोज वाढतोय, म्हणजे रोज जवळ येतोय ना?"

इथे मला कुडी आठवली.

१९८४ च्या मे महिन्यात मी दहा वर्षांचा होतो, सुट्टीत गावी. आत्याच्या मोत्यांच्या कुड्यांपैकी एक कुडी हरवली. लग्नात आजीने दिलेली. सगळं घर शोधायला लागलं. माजघर झाडून काढलं, नाही. स्वैपाकघर, नाही. पडवी, नाही. खळ्यातला पाचोळा मुठी-मुठीने उलटापालटा केला, नाही. दुपारपर्यंत सगळ्यांच्या मनात एकच जागा घोळायला लागली होती, विहीर. सकाळी आत्या पाणी काढायला गेली होती, वाकली होती. प्रत्येक खोली रिकामी निघाली की आत्या विहिरीकडे बघायची. संध्याकाळी तर ती धरूनच चालली की कुडी विहिरीत गेली. आजोबा म्हणाले, उद्या गडी उतरवू.

"आत्या, तू सकाळी आठ जागा धरल्या होत्यास. विहीर त्यातली एक. संध्याकाळी दोनच उरल्या. विहिरीची शक्यता आठातल्या एकावरून दोनातल्या एकावर गेली. पण कुडी दिवसभरात विहिरीकडे सरकली का?"

"छे! ती तर गव्हाणीत पडली होती." दुसऱ्या दिवशी सकाळी गाईला वैरण घालताना सापडली होती.

या लघुग्रहाचंही तसंच. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो नेमका कुठे असेल हे सांगता येत नव्हतं. सांगता येत होता फक्त एक लांबलचक, अरुंद पट्टा, लाखो किलोमीटरचा. त्या पट्ट्यावर कुठेतरी पृथ्वीचा एवढासा ठिपका. रोज नवं मोजमाप आलं की पट्ट्याचा एखादा तुकडा गळून जायचा, म्हणजे एक खोली झाडून व्हायची. पट्टा आखूड होत जातो आणि पृथ्वी अजून त्यात असते, तोवर तिच्या वाट्याची टक्केवारी वाढतच जाणार. आणि एके दिवशी पट्ट्याचं टोक पृथ्वीच्या अलीकडे आलं की आकडा एकदम कोसळतो.

"आणि नाही आलं तर?"

तिने हे विचारलं याचा मला अभिमान वाटला. कारण तोच खरा प्रश्न आहे. मी तिला म्हटलं, तसं झालं तर आकडा वाढतच जाईल, आपल्याला आठ वर्षं आधी कळलेलं असेल, आणि तेवढ्या वेळात काही करता येतं. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाच्या डार्ट यानाने डिमॉर्फोस नावाच्या, एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहाला मुद्दाम धडक दिली होती. ११ तास ५५ मिनिटांत होणारी त्याची प्रदक्षिणा तेव्हापासून साधारण ३३ मिनिटांनी कमी झाली. नुसत्या मोजमापातून हे काम सुरू होतं. 'पडणार नाही' असं मात्र मी तिला एकदाही म्हटलं नाही. ते मला ठाऊक नव्हतं.

वाहिन्यांवर माझा राग आहे तो एवढ्याचसाठी. आकडा त्यांनी खरा सांगितला, पण आकडा कसा वागणार आहे ते सांगितलं नाही. खगोलशास्त्रज्ञ जानेवारीपासून म्हणत होते की शक्यता आधी थोडी वाढेल आणि मग बहुधा शून्याकडे जाईल. हे एक वाक्य लाल बाणाखाली लिहिलं असतं तर कित्येक म्हाताऱ्या माणसांना झोप लागली असती.

१२ फेब्रुवारीला पौर्णिमा होती. चंद्रप्रकाशात इतका मंद ठिपका दिसत नाही, म्हणून ते दिवस वेध जवळजवळ थांबले. आत्या पौर्णिमेचा हिशोब माझ्यापेक्षा चांगला ठेवते. "म्हणजे वद्य पंचमी-षष्ठीपर्यंत काही कळायचं नाही," ती म्हणाली. १८ तारखेला नासाचा आकडा ३.१ टक्क्यांवर गेला. त्या दिवशी पंचांगात वद्य षष्ठी होती. रात्री फोन आला. मी फक्त म्हटलं, "गडी अजून विहिरीत उतरायचाय." दुसऱ्या दिवशी १.५. त्याच्या पुढच्या दिवशी अर्ध्या टक्क्याच्याही खाली. २४ तारखेला ०.००४. पृथ्वी पट्ट्याबाहेर गेली होती.

मी फोन केला तर आत्या म्हणाली, "गव्हाणीत सापडली?"

पुढचा भाग तिला फारसा रुचला नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवेना. एखादा लघुग्रह केवढा आहे हे साध्या फोटोवरून कळत नाही. कोळशासारखा काळा मोठा दगड आणि खडूसारखा पांढुरका छोटा दगड दुर्बिणीतून सारखेच उजळ दिसतात. म्हणून आधी '४० ते ९० मीटर' असं मोघम सांगितलं जात होतं. मार्चच्या शेवटी जेम्स वेब दुर्बिणीने त्याच्याकडे अवरक्त किरणांतून पाहिलं, म्हणजे त्याच्यावर पडलेला उजेड सोडून त्याची स्वतःची ऊब मोजली. काळा दगड जास्त तापतो, पांढरा कमी. ऊब आणि उजेड दोन्ही हाती आले की आकार निघतो. उत्तर आलं, सुमारे ६० मीटर, सात मीटर इकडे-तिकडे. तेज कमी-जास्त होतं त्यावरून स्वतःभोवती फिरण्याचा वेळही आधीच कळला होता, साडेएकोणीस मिनिटं. आमच्या गल्लीच्या टोकाला नवीन इमारत उभी राहते आहे, तिच्याहून थोडा उंच दगड, करोडो किलोमीटरवर, अंधारात, वीस मिनिटांच्या आत एक गिरकी घेत चालला आहे. रोज स्टेशनला जाताना त्या इमारतीकडे बघतो आणि ते मनात येतं.

वेबच्या त्या वेधांनंतर चंद्रावर आदळण्याची शक्यता ३.८ टक्के सांगितली गेली. हे आत्याला सांगितल्यावर ती काळजीने म्हणाली, "चंद्राला काय होईल?" चंद्राला आणखी एक खड्डा पडेल, म्हटलं, बाकी काही नाही. "तरी बघ," ती म्हणाली, "त्याचं सांग मला." फेब्रुवारीत जो प्रश्न मुंबईचा होता, तो आता चंद्राचा झाला होता, आणि तितक्याच आस्थेने.

२०२८ च्या डिसेंबरात तो पुन्हा आपल्या बाजूला येईल, तेव्हा नवे वेध घेता येतील. मी मे महिन्यात गावी गेलो होतो. आत्याच्या स्वैपाकघरात खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं असतं, त्याच्या शेवटच्या पानावर गॅसवाल्याचा नंबर, गाईची विण्याची तारीख, पतपेढीचा खातेक्रमांक असं सगळं असतं. दर जानेवारीत ती ते नव्या कालनिर्णयावर उतरवून घेते. त्यात खाली तिच्या बारीक, गोल अक्षरात एक ओळ वाढली होती. 'दगड. डिसें. २०२८. चंद्राचं विचारणे.'