अनलिमिटेड मारला तरी दुपारीच नेट का संपतं?

आमच्या गावात रिचार्ज मारायला गेलेला माणूस दुकानात एकच गोष्ट विचारतो, किती दिवसाचा आहे. डेटा रोजचा आहे की एकगठ्ठा, संपल्यावर स्पीड किती राहतो, हे कोणी विचारत नाही, कारण पॅकवर अनलिमिटेड लिहिलेलं असतं आणि तिथंच विषय मिटतो. मग खरिपात ई-पीक पाहणी आली की खरी गंमत नाही, खरा त्रास सुरू होतो. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ही पाहणी शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवर करायची आहे, वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि चढवायचा, नाहीतर सातबाऱ्यावर पेरा लागायची पंचाईत. आता तर सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा असला तरी कपास किसान ॲपवर नोंदणी. म्हणजे नेट ही आता फक्त रील बघायची गोष्ट राहिलेली नाही, आणि म्हणून हे नियम एकदा नीट समजून घेतले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

मागच्या हंगामात शेजारचे काकाजी धुऱ्यावर उभे, कपाशीचा फोटो काढून झालेला आणि स्क्रीनवर गोल चक्कर फिरतंय ते फिरतंयच. "टावर त फुल्ल दाखवून राह्यला, मंग फोटो काहून नाही जाऊन राह्यला?" मी त्यांच्या सिमचं ॲप उघडून दाखवलं, त्या दिवसाचा दीड जीबी कधीचाच संपला होता. काकाजी म्हणाले, "अनलिमिटेड मारला ना बापा मी, दुकानदारानं सांगतलं मले." दुकानदारानं खोटं सांगितलं नव्हतं. कॉल अनलिमिटेड होते, आणि डेटा पण बंद पडलेला नव्हता, फक्त त्याचा स्पीड ६४ केबीपीएसवर आणून ठेवलेला होता. पॅकच्या अटीत हे लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात, इंग्रजीत.

६४ केबीपीएस म्हणजे किती ते एकदा हिशोब करून बघा. यातला बी म्हणजे बिट, आणि फोटोची साईज आपण मोजतो बाईटमध्ये, आठ बिट मिळून एक बाईट. म्हणजे सेकंदाला फक्त ८ केबी. मोबाईलच्या कॅमेऱ्यानं काढलेला साधा ३ एमबीचा फोटो चढवायला सगळं सुरळीत चाललं तरी सहा मिनिटांच्या वर लागतात, आणि सगळं सुरळीत कधी चालत नाही, मधेच ॲप थकून एरर देतं की पुन्हा पहिल्यापासून. व्हॉट्सॲपचा साधा मेसेज जातो, कधीकधी पैसेही जातात कारण त्याला डेटा कमी लागतो, पण सरकारी साईट त्या स्पीडमध्ये उघडणं म्हणजे अंत बघणं. बहुतेक खाजगी कंपन्यांच्या रोजच्या डेटावाल्या पॅकमध्ये हा आकडा ६४ आहे, बीएसएनएलच्या बऱ्याच पॅकमध्ये ४०. सरकारनं स्वतः ब्रॉडबँड कशाला म्हणायचं त्याची मर्यादा २०२३ मध्ये २ एमबीपीएस, म्हणजे दोन हजार केबीपीएस केली, आणि इकडे अनलिमिटेडच्या नावाखाली त्याच्या तिसाव्या हिश्श्याएवढा स्पीड चालतो. माझं सरळ म्हणणं आहे की ज्या स्पीडमध्ये एक फोटो जात नाही त्याला पॅकवर मोठ्या अक्षरात अनलिमिटेड लिहू देऊ नये.

ही पद्धत काही आजची नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि सगळं फुकट होतं, तेव्हाही दिवसाला ४ जीबीची मर्यादा होतीच, जानेवारी २०१७ पासून ती १ जीबी झाली आणि त्यापुढे १२८ केबीपीएस. पण त्याआधी आपण महिन्याला एक जीबी पुरवून वापरणारे लोक, ४ जीबी संपवणार कोण, त्यामुळं ती मर्यादा कोणाला दिसलीच नाही आणि अनलिमिटेड हा शब्द मात्र डोक्यात पक्का बसला.

आता काकाजींचा दीड जीबी कुठं गेला? काकाजी तर मोबाईलवर फार काही बघत नाहीत. शोधलं तर कळलं की नातवानं सकाळी हॉटस्पॉट घेतला होता. बरेच जण इथंच फसतात, कारण हॉटस्पॉट घेणाऱ्या मोबाईलला किंवा लॅपटॉपला बऱ्याचदा वाटतं की आपण वायफायवर आहोत. मग "फक्त वायफायवर करा" असं सांगून ठेवलेलं सगळं सुरू होतं, ॲपचे अपडेट, फोटोचा बॅकअप, सिस्टीमचा अपडेट, आणि पोरगं फक्त दहा मिनिटं गेम खेळलं तरी मागच्या मागे जीबी उडतो. अँड्रॉइडमध्ये त्या हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन नेटवर्क मीटर्ड, म्हणजे डेटा मोजून वापरायचं, करून ठेवता येतं, मग तो मोबाईल त्याला वायफाय समजून उधळत नाही. त्याशिवाय व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये मीडिया ऑटो डाउनलोड बंद करा, गावाच्या ग्रुपवर सकाळी सकाळी येणारे शुभेच्छांचे व्हिडिओच किती असतात. आणि युट्यूबची क्वालिटी ४८० वर ठेवा, १०८० वर तासाभरात दीड जीबी सहज जाऊ शकतो.

नियमाप्रमाणे ५० टक्के, ९० टक्के डेटा संपला की कंपनीनं मेसेज पाठवायचा असतो आणि तो येतो पण, पण जाहिरातीच्या दहा मेसेजमध्ये दबून जातो, आणि आमच्याकडे म्हातारी माणसं मेसेज उघडतच नाहीत.

अजून एक गोष्ट नीट कळली पाहिजे, रोजचा कोटा हा बहुतेक पॅकमध्ये रात्री १२ च्या सुमारास बदलतो, तुम्ही रिचार्ज किती वाजता मारला त्याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि आज उरलेला डेटा उद्या मिळत नाही, काही मोजक्या पॅकमध्ये शनिवार-रविवारी वापरायला मिळतो तेवढा सोडला तर. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. शेतीवाल्या माणसाचं काम रोज सारखं नसतं, निंदण-वेचणीच्या दिवसात मोबाईल खिशातून निघत नाही आणि नोंदणीची शेवटची तारीख आली की एका दिवसात चार फॉर्म भरायचे असतात. त्याला रोज दीड जीबी देऊन रोज वाया घालवण्यापेक्षा महिन्याचा एकगठ्ठा डेटा जास्त कामाचा. असे पॅक आहेत, दुकानदार आपणहून सांगत नाही एवढंच. फक्त ते घेताना बघायचं की कोटा संपल्यावर काय होतं, कारण काही एकगठ्ठा पॅकमध्ये संपल्यावर ६४ चा स्पीड पण मिळत नाही, एमबीमागे पैसे लागतात, बॅलन्स नसला की नेट बंदच.

आता ५जी. पोट्टे नवीन फोन घेतात आणि अनलिमिटेड ५जी म्हणून मोठा पॅक मारतात, पण ते अनलिमिटेड फक्त ५जी टावरवर असतं. तालुक्याला गेले की ५जी, गावच्या फाट्यापाशी आले की ४जी, आणि ४जीवर आले की रोजचा कोटा मोजायला सुरुवात. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हा जिओ-एअरटेलनं अनलिमिटेड ५जी दिवसाला २ जीबी आणि त्यावरच्या पॅकलाच ठेवलं, म्हणजे जास्त पैसे भरायचे आणि घरी टावरच ४जीचा असला तर त्याचा उपयोग शून्य. आपल्या घरी, आपल्या वावरात ५जी येतं का ते आधी बघा आणि मगच घ्या. अटींमध्ये वैयक्तिक वापरापुरतं असंही लिहिलेलं असतं, काही कंपन्या महिन्याला ३०० जीबीच्या वर गेलं की धंद्याचा वापर समजतात, त्यामुळं एका सिमवर अख्खं सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी ते वाचून घ्यावं.

संध्याकाळी नेट स्लो होतं ते मात्र वेगळं प्रकरण. ॲपमध्ये डेटा शिल्लक दिसतो तरी आठ वाजता व्हिडिओ अडकतो, तेव्हा एकाच टावरवर दोन-चार गावं एकदम आलेली असतात, किंवा लाईन जाऊन टावर बॅटरीवर असतो. फरक ओळखायचा असला तर स्पीड टेस्ट करा, ०.०६ एमबीपीएसच्या आसपास चिकटून बसलेलं दिसलं तर कोटा संपलाय, खालीवर होत असलं तर टावरचा लोड. पहिल्यात डेटाचा छोटा व्हाउचर मारून काम भागतं, दुसऱ्यात व्हाउचर मारला तर पैसे वाया. हे आमच्या इकडे बऱ्याच जणांचं होतं, स्लो झालं की सरळ व्हाउचर.

२८ दिवसांचं गणित तर माहीतच असेल, वर्षात बारा नाही तेरा रिचार्ज होतात. त्यावर ट्रायनं, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेनं, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीनं निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला येणारा पॅक ठेवायचाच. चुकाऱ्याच्या (विकलेल्या मालाचे पैसे येतात त्या) किंवा पगाराच्या तारखेला जोडून घ्यायला तो बरा पडतो, मागून घ्या.

आणि शेवटचं, घरातल्या आजी-आबाजींसाठी. बटणाच्या फोनवर लोक दीड जीबी रोजचा पॅक मारतात, एक एमबी वापरला जात नाही, फक्त कॉल आणि बँकेचा ओटीपी पाहिजे म्हणून. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं बंधनकारक केलं आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली, जानेवारी २०२५ पासून ते मिळायला लागले. दुकानाच्या बोर्डावर नसतात, आमच्याकडे विचारलं तर दुकानदार पहिल्यांदा नाहीच म्हणाला. कंपनीच्या ॲपमध्ये व्हॉइस ओन्ली किंवा व्हॅल्यूच्या भागात खाली सरकवत गेलं की सापडतात. तरी कोणी चुकीचा पॅक गळ्यात मारला किंवा डेटा न वापरता कापला गेला तर १९८ वर फोन करून तक्रारीचा नंबर लिहून घ्या, नंबर न घेता फोन ठेवू नका, पुढं अपील करायचं तर तोच लागतो.